रेक्टिफायर बदलला आणि ॲम्प्लिफायर 'उघडला' – की मीच फसलो?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्याकडे स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे व्हॅक्यूम नळ्यांचा ॲम्प्लिफायर आहे. शेवटच्या टप्प्यात ईएल३४ नळ्यांची पुश-पुल जोडी (लाटेचा एक अर्धा भाग एकीकडे, दुसरा दुसरीकडे), फिक्स्ड बायस (नळीचा निवांत प्रवाह ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज वेगळ्या सप्लायमधून), पॉवर ट्रान्सफॉर्मर ३५०-०-३५० व्होल्टचा, रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी नळी, ५यू४जीबी. त्यामागे ४० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ हेन्रीचा चोक (लोखंडी गाभ्यावरची कॉइल) आणि मग ५० मायक्रोफॅरड. सहा वर्षं हूं की चूं न करता वाजला. मागच्या महिन्यात ५यू४ ने मान टाकली. दुसरी हाताशी नव्हती, म्हणून मेलेल्या नळीची काच काढून तिच्याच ऑक्टल तळात डायोड बसवले. प्रत्येक बाजूला १एन४००७ दोन-दोन, एकामागे एक.

आणि काय सांगू! डग्ग्याचा घुमारा आधी पसरट लागायचा, तो एकदम बांधीव झाला. गळ्याभोवतीचा धूसरपणा गेला. दोन आठवडे मी जमिनीवर नव्हतो. मग नवी ५यू४ आली, ती लावली, आणि वाटलं की स्पीकरवर कुणीतरी गोधडी टाकली.

तर प्रश्न असे. डायोड इतके चांगले असतील तर लोक अजून रेक्टिफायर नळीला का चिकटून आहेत? आणि याच वाटेने पुढे जायचं, तर पहिला कपॅसिटर ४० वरून २२० केल्यावर बास आणखी घट्ट होईल का?

तांबडीवात

अभिनंदन, व्यसन लागलं म्हणायचं! पण घाई करू नका. आजची ५यू४ आणि जुनी काळ्या प्लेटची ५यू४ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डायोडचा आवाज पहिल्या दिवशी स्वच्छ वाटतो आणि महिन्याभरात कोरडा वाटायला लागतो. मी या फेऱ्यातून दोनदा गेलोय. जुनी नळी शोधा, मग बोलू.

शून्यओम

नळी शोधायच्या आधी मीटर शोधा. दोन्ही अवस्थांमधले आकडे द्या: चोकनंतरचं व्होल्टेज आणि दोन्ही ईएल३४ मधला निवांत असतानाचा प्रवाह. त्याशिवाय ही चर्चा म्हणजे हत्ती आणि आंधळे.

आणि एक तातडीचं. पहिला कपॅसिटर किती व्होल्टचा आहे? ४५० चा असेल तर डायोड लावून पुन्हा चालू करू नका. ३५० व्होल्टचं शिखर ३५० गुणिले १.४१४, म्हणजे ४९५. डायोड पहिल्या क्षणापासून वाहतात आणि ईएल३४ तापून प्रवाह ओढायला लागेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढा वेळ सगळेच्या सगळे ४९५ त्या कपॅसिटरच्या डोक्यावर.

मंद्रसप्तक

बाप रे. ४५० चाच आहे. बंद केला.

आकडे वहीत होते, कारण कॅथोडला (नळीत प्रवाह सोडणाऱ्या टोकाला) १० ओमचे रेझिस्टर मी बांधतानाच टाकले होते.

५यू४ लावून: चोकनंतर ३९२ व्होल्ट, १० ओमवर ०.४० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक नळीत ४० मिलिअँपिअर.
डायोड लावून: ४३८ व्होल्ट, १० ओमवर ०.५८, म्हणजे ५८ मिलिअँपिअर.

बायसच्या पॉटला (फिरवून बदलायच्या रेझिस्टरला) हात लावला नव्हता. लावायला हवा होता का?

शून्यओम

झालं. तुमच्या मते तुम्ही एक गोष्ट बदललीत. मी मोजतोय त्या किमान तीन आहेत.

जुनारेडिओ

शून्यओम, तुम्ही फार पटकन फटकारता. ते नवीन आहेत, जरा उलगडून सांगू या.

मंद्रसप्तक, तुम्ही ऐकलेला फरक खोटा नाही. तो कुठून आला एवढंच बघायचंय. ५यू४ मधून प्रवाह जाताना तिच्यात व्होल्टेज खर्ची पडतं. माहितीपत्रकात एका प्लेटमागे २२५ मिलिअँपिअरला ४४ व्होल्ट असा आकडा आहे. जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर नळी त्याच प्रवाहाला १७ व्होल्टच खाते. ५वाय३ मात्र १२५ मिलिअँपिअरलाच साधारण ६० खाते. सिलिकॉन डायोड एखादा व्होल्ट. म्हणून नळी काढून डायोड लावला की बी प्लस (नळ्यांना मिळणारं मुख्य डीसी व्होल्टेज) वर चढणारच. शिवाय ५यू४ चा फिलामेंट ५ व्होल्टला ३ अँपिअर घेतो. ते १५ वॅटचं ओझं ट्रान्सफॉर्मरवरून उतरतं, त्याचेही दोन-चार व्होल्ट.

आता बी प्लस ४६ ने वाढला की काय होतं? तुमच्या ईएल३४ चा स्क्रीन (ग्रिड आणि प्लेट यांच्या मधली जाळी) त्याच लाइनवर आहे, असं धरतो. ईएल३४ सारख्या पेंटोडमध्ये (पाच इलेक्ट्रोडच्या नळीत) प्लेटचं व्होल्टेज थोडं हललं तरी प्रवाह फारसा हलत नाही, पण स्क्रीनचं हललं की लगेच हलतो. ईएल३४ मध्ये स्क्रीनचे ११ व्होल्ट म्हणजे ढोबळमानाने ग्रिडचा १ व्होल्ट. म्हणजे स्क्रीन ४६ ने वाढवून तुम्ही ग्रिडचा बायस नकळत चार व्होल्टने सैल केलात. ४० चे ५८ असे झाले.

कॅथोडच्या ५८ मधून स्क्रीनचे पाच-सहा वजा करा. राहिले ५२. गुणिले ४३८, म्हणजे जवळजवळ २३ वॅट प्रत्येक प्लेटवर. ईएल३४ ची मर्यादा २५. एबी वर्गात (जोरात वाजताना दोन्ही नळ्या आळीपाळीने थोडा वेळ थांबतात त्या पद्धतीत) फिक्स्ड बायसला निवांत अवस्थेत मर्यादेच्या ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅटपर्यंत राहावं असा शिरस्ता आहे. दोन आठवड्यांत नळ्या गेल्या नाहीत, पण आयुष्य चांगलंच खाल्लं असणार.

आणि आवाज? ४० मिलिअँपिअरला तुमची जोडी थोडी थंड चालत होती. थंड जोडीत एक नळी थांबते आणि दुसरी सुरू होते त्या सांध्यावर विकृती येते, आणि ती हळू आवाजातच जास्त खुपते. गळ्याभोवतीचा धूसरपणा मला तरी त्यातलाच वाटतो. ५८ वर तो सांधा बुजला. म्हणजे गोधडी काढली ती बायसने, डायोडने नव्हे. हा माझा तर्क आहे, तपासून बघा.

दुसरी गोष्ट, कमाल शक्ती. ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. ४३८ भागिले ३९२, त्याचा वर्ग १.२५. म्हणजे जेमतेम १ डेसिबल. वरच्या टोकाला तेवढी मोकळीक मिळाली, पण रोजच्या ऐकण्यात तिथवर जातंच कोण?

तिसरी गोष्ट, सप्लायचा स्वतःचा आंतररोध. ज्याला लोक सॅग म्हणतात ती इथून येते. जोरात वाजलं की एबी वर्ग जास्त प्रवाह ओढतो, आणि आंतररोध जितका मोठा तितका बी प्लस खाली बसतो. पण इथे सगळे रेक्टिफायरच्याच नावाने बोटं मोडतात आणि ट्रान्सफॉर्मरला विसरतात. सेकंडरीच्या अर्ध्या वळणांचा रोध, प्रायमरीचा गुणोत्तराच्या वर्गाने वाढून आलेला रोध आणि चोकचा रोध, हे सगळं रांगेत आहे. तुमच्या बाबतीत घसरणीचा अर्ध्याहून जास्त वाटा यांचाच निघाला तर मला नवल वाटणार नाही.

आता २२० मायक्रोफॅरड. करू नका, निदान पहिल्या जागी तरी नाही. रेक्टिफायर नळीला पहिला कपॅसिटर किती मोठा चालेल यावर बंधन असतं. जीझेड३४ ला ६०, तुमच्या ५यू४ ला ४० च्या आसपास. कपॅसिटर मोठा केला की तो भरण्याची वेळ आखूड होते, आणि तेवढ्यातच सगळा प्रवाह रेटायचा म्हणून त्याचं शिखर उंचावतं. नळीत ठिणगी पडते, ट्रान्सफॉर्मर तापतो.

आणि एक गैरसमज जाता जाता. मोठा कपॅसिटर सॅग घालवत नाही, फक्त लांबवतो. धक्का क्षणाचा असेल तर कपॅसिटर तो झेलतो. सूर लांबवर जोरात चालू राहिला तर व्होल्टेज शेवटी तिथेच जाऊन बसतं, कारण आंतररोध तोच आहे. वर येतानाही ते तितकंच रेंगाळतं.

वाचनमात्र७

रेडिओकाका, +१. लाइन रेग्युलेशन वगैरेही लिहा. वाचतोय.

तांबडीवात

काकांच्या माहितीबद्दल आदर आहेच. पण मी स्वतः एकाच ॲम्प्लिफायरमध्ये, त्याच बायसवर, दोन वेगवेगळ्या ५यू४ ऐकल्यात. फरक होता. सगळं मीटरवर येत नाही.

शून्यओम

दोन्ही वेळा बी प्लस मोजला होता का?

तांबडीवात

बायस सारखा केला होता.

शून्यओम

म्हणजे नाही. दोन ५यू४ मध्ये, त्यातली एक थकलेली असेल तर, दहा-पंधरा व्होल्टचा फरक सहज पडतो. मी 'ऐकू येत नाही' म्हणतच नाहीये. तुम्ही नळीचं नाव ऐकताय की तिचं व्होल्टेज, एवढंच विचारतोय.

खुंटीपिळे

गिटारवाल्यांच्या बाजूने बोलतो. तुम्ही हायफायवाले सॅगला रोग समजता, आम्ही तिच्यासाठी जीव टाकतो.

फेंडरचा ५ई३ डीलक्स घ्या. ५वाय३ रेक्टिफायर, ६व्ही६ ची जोडी, कॅथोड बायस. तार जोरात छेडली की आधी सूर किंचित दबतो आणि मग फुगून वर येतो. बोटाखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटतं. त्याच घराण्यातला ५एफ६-ए बासमन जीझेड३४ वर चालतो, तो बराच ताठ. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या ५एफ६ मध्ये ८३ ही पाऱ्याच्या वाफेची रेक्टिफायर नळी होती. तिच्यातलं व्होल्टेज प्रवाह कितीही बदलला तरी जवळजवळ स्थिर राहतं. १९६२ मध्ये मार्शलचा जेटीएम४५ त्याच बासमनवरून आला, तोही जीझेड३४ वर. पुढे साठच्या दशकातच मार्शल सिलिकॉनकडे वळले आणि आवाज कडक, झोंबणारा झाला. कित्येकांना तोच हवा असतो. पुढे मेसा बूगीने ड्युअल रेक्टिफायरमध्ये नळी की सिलिकॉन हे निवडायला खटकाच देऊन टाकला. आमच्यात भांडण कधी मिटणार नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

काकांचं मोठ्या कपॅसिटरबद्दलचं म्हणणं मी हात पोळून शिकलोय. एका लहान ॲम्पमध्ये २० च्या जागी १०० घातला. गुणगुण गेली, बास घट्ट झाला, आणि वाजवायची मजाही गेली. सूर दबायचा, पण इतका उशिरा की माझा पुढचा आघात त्याच्यात अडकायचा. महिन्याभरात परत २२ लावला.

उलट टोकही वाईट. फिल्टर फारच तोकडा असेल तर भुताचे सूर येतात. मेन्स ५० हर्ट्झचा असेल तर फुल वेव्ह रेक्टिफायरनंतरची लहर १०० हर्ट्झची. शेवटचा टप्पा जोरात चालला असताना ती लहर सुरात मिसळते. तुम्ही ४४० वाजवता आणि मागे ३४० व ५४० हळूच कण्हत असतात. रागाशी ना सुराशी संबंध. एकदा ऐकलं की ते कानातून जात नाही. ६० हर्ट्झच्या मेन्सवर ती भुतं आणखी २० हर्ट्झ लांब सरकतात.

चोकोबा

चोकचं नाव निघालं म्हणून आलो.

मंद्रसप्तक, तुमचा ५ हेन्रीचा चोक किती काम करतोय ते बघा. १०० मिलिअँपिअर प्रवाहाला ४० मायक्रोफॅरडवर लहर साधारण २५ व्होल्ट, शिखर ते तळ. १०० हर्ट्झला ५ हेन्रीचा विरोध ३१४० ओम आणि ५० मायक्रोफॅरडचा ३२ ओम. म्हणजे लहर जवळजवळ शंभरपट कमी होऊन पाव व्होल्टवर येते. हेच काम रेझिस्टरने करायचं तर तीन हजार ओमचा लागेल आणि १०० मिलिअँपिअरला त्याच्यावरच ३०० व्होल्ट जातील! चोक डीसीला १०० ओम दाखवतो, १० व्होल्ट घेतो आणि गप्प बसतो.

म्हणून मोठा कपॅसिटर घालायचाच असेल तर चोकच्या पलीकडे घाला. ५० चे १०० केले की लहर निम्मी, आणि रेक्टिफायरला तोशीस नाही. फक्त चोक आणि कपॅसिटर मिळून स्वतःचा एक झोका तयार करतात हे विसरू नका. ५ हेन्री आणि ५० मायक्रोफॅरडचा तो १० हर्ट्झच्या आसपास पडतो. मोठा आघात झाला की बी प्लस खाली जाऊन परत येताना एक-दोन हेलकावे खातो. कपॅसिटर चौपट केला तर झोका ५ हर्ट्झवर जातो, म्हणजे आणखी संथ. पीएसयू डिझायनर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रवाहाची अचानक उडी देऊन बघा, हेलकावे डोळ्यांनी दिसतात.

माझं स्वतःचं वेड म्हणजे चोक इनपुट: रेक्टिफायरनंतर थेट चोक, पहिला कपॅसिटरच नाही. व्होल्टेज आरएमएसच्या ०.९ पट मिळतं. तुमच्या ३५० चे ३१५, त्यातून नळीतली आणि चोकमधली घट. म्हणजे तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर ते जमणार नाही. पण ओझं बदललं तरी व्होल्टेज हलत नाही, रेक्टिफायरला शिखरं नाहीत, ट्रान्सफॉर्मर गार. अट एवढीच की किमान प्रवाह सतत वाहिला पाहिजे. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की लागणारे हेन्री मिळतात: ४०० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, तर ४ हेन्री, आणि ५० हर्ट्झला जरा वरच. प्रवाह त्याखाली गेला की व्होल्टेज शिखराकडे पळायला लागतं. आणि असा चोक स्वतःच गुरगुरतो, त्यामुळे त्याच्या लोखंडाची बांधणी घट्ट हवी.

बसवायच्या आधी एक युक्ती. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हेडफोन लावा, नळ्या काढून ठेवा, पॉवर ट्रान्सफॉर्मरला मेन्स द्या आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर चॅसीवर फिरवून बघा. गुणगुण जिथे नाहीशी होते तिथे भोकं पाडा. चॅसीला भोकं आधी आणि हेडफोन नंतर करणाऱ्यांच्या कहाण्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यातली पहिली माझीच.

शून्यओम

चोकोबा, युक्ती छान, पण मेन्स लावलेल्या उघड्या चॅसीवर हात फिरवायला सांगताय. उघड्या टोकांना टोप्या घाला, हेही लिहा.

आणि बी प्लसवर ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) आहे का, मंद्रसप्तक? तुमच्या ९० मायक्रोफॅरडमध्ये ४३८ व्होल्टला साडेआठ ज्यूलच्या वर ऊर्जा साठते. नळ्या तापायच्या आधी बंद केलं तर ती तशीच बसून राहते, कारण ओढणारं कुणी नसतं. २२० किलोओम, ३ वॅटचा टाका. वीस सेकंदांचा कालस्थिरांक (व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर उतरायला लागणारा वेळ), म्हणजे दीड-दोन मिनिटं थांबायचं आणि तरीही मीटर लावूनच हात घालायचा.

एकलनळी

माझा ३००बी नळीचा सिंगल-एंडेड (शेवटी जोडी नाही, एकच नळी) आहे. ए वर्ग असल्याने सरासरी प्रवाह स्थिर, म्हणजे सॅग नाही. मग आमच्यासारख्यांनी सप्लायची काळजी का करावी?

जुनारेडिओ

सॅग नाही हे खरं, पण तुमचं दुखणं वेगळं. पुश-पुलमध्ये सप्लायवरची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्यांत समोरासमोर येऊन बरीच खोडली जाते, अर्थात नळ्या समतोल असतील तर. (ज्यांच्या पुश-पुलमध्ये अचानक गुणगुण वाढते त्यांनी कपॅसिटर बदलायच्या आधी दोन्ही नळ्यांचा प्रवाह मोजावा. एक नळी थकली की खोडणं थांबतं.) सिंगल-एंडेडमध्ये हे संरक्षणच नाही. ३००बी चा अंतर्गत रोध ७०० ओम आणि प्रायमरी ३५०० ची धरली, तर सप्लायवरच्या लहरीचा ८३ टक्के भाग थेट प्रायमरीवर पडतो. ०.१ व्होल्टची लहर ८ ओमच्या स्पीकरवर ४ मिलिव्होल्ट होऊन निघते. स्पीकर फार संवेदनशील असेल तर रात्री शांततेत तेवढीही ऐकू येते. आणि ३००बी वाले असेच स्पीकर घेतात!

दुसरं, तुमचा सिग्नल शेवटच्या कपॅसिटरमधून फिरून कॅथोडला परततो. तो अक्षरशः सिग्नलच्या वाटेत आहे. ५० मायक्रोफॅरड २० हर्ट्झला १६० ओम दाखवतो. ३५०० च्या तुलनेत ते फार नाही, पण वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आंतररोध त्यात मिळाला की खालचा सूर पोकळ लागतो. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर लावणारे लोक वेडे नाहीत. निदान तो वाळत तरी नाही.

मंद्रसप्तक

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, पण रिकामा नव्हतो.

आधी दुरुस्ती. पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओम. ५० मायक्रोफॅरड, ७०० व्होल्ट. हा जरा जास्त आहे हे माहीत आहे. प्रयोग संपल्यावर ४७ मायक्रोफॅरडची जोडी लावणार. ते समतोलाचे रेझिस्टरच ब्लीडरचंही काम करतात. चोकच्या पलीकडचाही कपॅसिटर तसाच बदलला. जुना बाहेर काढला तर त्याचं बूड फुगलेलं. ५यू४ असतानाही तो रोज काही सेकंद मार खात होता, कारण ती थेट तापणारी, ईएल३४ च्या आधीच जागी होते. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मग प्रयोग. डायोडच्या प्लगमध्ये प्रत्येक पायात १५० ओम, १० वॅटचे रेझिस्टर घातले. बी प्लस ३९५ वर आला, ५यू४ पेक्षा ३ ने जास्त. तीन अवस्था, आणि प्रत्येकीत बायस ४० मिलिअँपिअरवर आणून:

५यू४: निवांत ३९२, पूर्ण आवाजात साइन वेव्हवर ३५५.
डायोड अधिक १५० ओम: ३९५, आणि ३५७.
नुसते डायोड: ४३८, आणि ४१८.

तिन्ही वेळा प्रवाह साधारण ९५ वरून २०० वर गेला. म्हणजे ५यू४ सकट सप्लायचा आंतररोध ३५० ओम आणि नुसत्या डायोडसकट १९०. रेडिओकाका, तुमचं 'अर्ध्याहून जास्त' बरोबर निघालं.

ऐकायला भावाला बसवलं, मी प्लग बदलत होतो. प्रत्येक बदलाला दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, त्यामुळे चाचणी आदर्श नाही हे मान्य. ५यू४ की रेझिस्टरवाला डायोड: १६ पैकी ९ वेळा ओळखलं. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. नुसते डायोड, तेही ४० मिलिअँपिअरवर: नेहमीच्या आवाजात पुन्हा तेच. कान फाटेल इतक्या आवाजात मात्र डग्ग्याच्या लागोपाठ आघातांवर त्याने १० पैकी ९ वेळा बरोबर सांगितलं.

आणि शेवटी ५यू४ तशीच ठेवून बायस ४० वरून ४८ केला. गोधडी गेली. इतकी साधी गोष्ट होती ती.

तांबडीवात

प्रामाणिकपणाबद्दल टोपी काढतो. तरी माझ्या जुन्या ५यू४ मी विकणार नाही. १६ पैकी ९ ही एका भावाची चाचणी आहे, माझ्या कानांची नाही.

शून्यओम

विकू नका. पण पुढच्या वेळी बी प्लस लिहून ठेवा, एवढंच.

खुंटीपिळे

मंद्रसप्तक, तो १५० ओमवाला प्लग भन्नाट आहे. गिटार ॲम्पमध्ये आम्ही याला सॅग रेझिस्टर म्हणतो. फक्त नळीची घट प्रवाहाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. नळीत प्रवाह व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो, म्हणून हलक्या प्रवाहालाही ती तुलनेने जास्त खाते आणि जड प्रवाहाला तितकी वाढत नाही. रेझिस्टर मात्र सरळ रेषेत जातो. बोटाखाली तो फरक जाणवतो असं मी शपथेवर सांगेन, आणि शून्यओम मला १६ वेळा प्लग बदलायला लावतील.

शून्यओम

३२ वेळा.

एकलनळी

थोडं अवांतर. रेडिओकाकांचं वाचून मी पहिल्या टप्प्याचा डीकपलिंग कपॅसिटर (त्या टप्प्याचा सप्लाय बाकीच्यांपासून अलग ठेवणारा) १० वरून १०० केला आणि एका मित्राच्या, ग्लोबल फीडबॅकवाल्या (आउटपुटचा अंश सुरुवातीला परत देणाऱ्या) पुश-पुलमध्येही तेच केलं. माझा शांत झाला. त्याचा मात्र आता फट-फट-फट असा संथ आवाज काढतोय, स्पीकरचा कागद आत-बाहेर हलतोय. काय बिघडवलं मी?

जुनारेडिओ

मोटरबोटिंग. शेवटचा टप्पा बी प्लस हलवतो, ते हलणं पहिल्या टप्प्यापर्यंत पोचतं, वाढून परत येतं आणि कला जुळली की वर्तुळ पूर्ण. फीडबॅकच्या आत जितके कपॅसिटर-रेझिस्टरचे टप्पे आणि त्यांचे कालस्थिरांक जितके जवळजवळ, तितका धोका. तुमच्या बदलाने त्याचा डीकपलिंगचा कालस्थिरांक दुसऱ्या एखाद्याच्या पंक्तीला जाऊन बसला असणार. १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आलेल्या विल्यमसनच्या ॲम्प्लिफायरने, त्यातल्या २० डेसिबल फीडबॅकमुळे, बांधणाऱ्या कित्येकांना हाच इंगा दाखवला होता.

आधी तो १०० काढून २२ लावा. मग टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर एका जागी लहान करून बघा, म्हणजे एक कालस्थिरांक बाकीच्यांपासून लांब जाईल. सगळे एकदम मोठे करू नका.

एकलनळी

२२ लावला. फट-फट बंद. कपलिंगला हात लावावाच लागला नाही. मित्र मात्र म्हणतोय की फटफट होती तेव्हा बास जास्त होता.